आयसीयूतला पेशंट सीटी, एमआरआय, ओटीला नेताना: सिस्टर-ब्रदरना पडणारे प्रश्न

आयसीयूमध्ये पेशंटच्या डोक्याशी भिंतीतला ऑक्सिजन असतो, सक्शन असतं, मोठा व्हेंटिलेटर असतो आणि हाक मारली की माणसं धावून येतात. दाराबाहेर पडलं की यातलं बरंच मागे राहतं, आजार मात्र तेवढाच असतो. वाटेत घडणाऱ्या बहुतेक गोष्टींचं मूळ बेडपाशीच सापडतं: न उघडून पाहिलेला सिलिंडर, न तपासलेली बॅटरी, घाईत बदललेला पंप. म्हणून इथे तयारीबद्दल जास्त आणि प्रवासाबद्दल त्या मानाने कमी लिहिलं आहे. ही उत्तरं प्रौढ पेशंटला एकाच रुग्णालयात एका विभागातून दुसऱ्या विभागात हलवण्यापुरती आहेत. औषधांचे डोस तुमच्या डॉक्टरांच्या आदेशाने आणि युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणेच.

पेशंटला खरंच न्यायला हवं का, हे नर्सने विचारायचं असतं का?

हो, विचारायचं. एक्स-रे, सोनोग्राफी, टू-डी इको, ट्रॅकिऑस्टॉमी, डायलिसिस ही कामं बेडवर होऊ शकतात. सीटी, एमआरआय, कॅथलॅब आणि बहुतेक शस्त्रक्रिया बेडवर होत नाहीत. प्रश्न असा ठेवा: "या तपासणीच्या रिपोर्टवरून आज उपचार बदलणार आहेत का?" उत्तर हो असेल, तर तयारीला लागा. "बघून ठेवू" असं असेल, तर सकाळी माणसं पुरेशी असताना नेता येईल का हे विचारायला हरकत नाही. रात्री दोन वाजता एका सिस्टरकडे तीन पेशंट असताना केलेलं शिफ्टिंग मागे राहिलेल्या दोघांसाठीही धोक्याचं असतं. त्या दोघांकडे कोण बघणार, हे नावासकट ठरल्याशिवाय ट्रॉली हलवू नका.

डॉक्टर घाई करत असतील आणि पेशंट अजून स्थिर वाटत नसेल, तर "थांबा" कसं म्हणायचं?

आकड्यांत म्हणायचं. "मला भीती वाटतेय" हे खरं असलं तरी ते बाजूला पडतं. त्याऐवजी: "सर, शंभर टक्के ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ८७ आहे, पीप १२ आहे, गेल्या अर्ध्या तासात नॉरॲड दोनदा वाढवलंय. आधी स्थिर करूया का? की आत्ताच न्यायचं असेल तर तुम्ही सोबत येता?" या वाक्यात नकार नाही, दोन पर्याय आहेत, आणि निर्णयाची जबाबदारी जिथे असायला हवी तिथे जाते. (पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब, नॉरॲड म्हणजे बीपी वाढवणारं नॉरॲड्रिनलिन.) इंचार्ज सिस्टरांच्या कानावर घाला आणि झालेलं बोलणं वेळेसकट नोट्समध्ये लिहा.

काही वेळा अस्थिर पेशंटलाच नेणं भाग असतं. पोटात रक्तस्राव चालू आहे आणि थांबवण्याची जागा ओटीच आहे, तेव्हा आयसीयूत थांबून बीपी सुधारणार नाही. तिथे प्रश्न नेऊ की नको हा नसतो, कोण-कोण सोबत येणार हा असतो.

सोबत किती माणसं हवीत?

ट्रॉली ढकलणारे वॉर्डबॉय मामा वगळून किमान दोन. एक पेशंटला ओळखणारी आयसीयू नर्स, दुसरी व्यक्ती उपकरणं आणि श्वास सांभाळू शकणारी. व्हेंटिलेटरवर किंवा बीपी वाढवणाऱ्या औषधांवर असलेल्या पेशंटसोबत श्वासनळीत ट्यूब घालता येणारा डॉक्टर हवाच. "पुढे जा, मी येतोच" या भरवशावर निघू नका.

कामं बेडपाशीच वाटून घ्या. डोक्याकडचा माणूस फक्त ट्यूब आणि श्वास बघतो. पंप आणि लाइन एकाकडे. मॉनिटरकडे सतत कोण बघणार, तेही ठरवा. सगळे सगळीकडे बघत असले की प्रत्यक्षात मॉनिटरकडे कोणाचंच लक्ष नसतं. मामा आणि मावशींनाही दोन वाक्यांत सांगा: ट्यूब कुठे आहे, कोणती नळी ओढली जाऊ नये, मी "थांबा" म्हटलं की जागीच थांबायचं. रोज दहा ट्रॉल्या हलवणाऱ्या माणसाला वाटेतले खड्डे आणि लिफ्टची खोड आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. त्यांना विचारा.

निघण्याआधी सुरुवात कुठून करायची?

फोनपासून. सीटी रूममधला आधीचा पेशंट उठला आहे का, टेबल मोकळं आहे का, टेक्निशियन जागेवर आहे का, तिथलं सक्शन आणि भिंतीचा ऑक्सिजन चालू आहे का. कॉरिडॉरमध्ये २० मिनिटं ताटकळत उभं राहणं हा शिफ्टिंगमधला सर्वांत वाईट वेळ. सिलिंडर संपत असतो, बॅटरी उतरत असते, आणि आजूबाजूला काहीच नसतं.

मग पेशंटकडे या. ट्यूब आणि तोंडातून सक्शन करा. व्हेंटिलेटरच्या नळ्यांमध्ये आणि वॉटर ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी काढा, नाहीतर ट्रॉलीवर घेताना नळी उचलली की ते सरळ फुफ्फुसात उतरतं. नको त्या लाइन बंद करा. मेंटेनन्स फ्लुइड, अँटिबायोटिक, पोटॅशियम यांना तासाभराची सुट्टी देता येते का, हे डॉक्टरांना विचारा. पाच पंपांऐवजी दोन न्यायचे असले की गुंताही कमी आणि चूकही कमी. भूल आणि वेदनाशामक पुरेसं आहे का बघा. ट्रॉलीवर घेताना आणि टेबलवर सरकवताना पेशंट जागा होतो, खोकतो, ट्यूब चावतो. पण निघताना घाईत दिलेला झोपेच्या औषधाचा बोलस (एकदम दिलेला डोस) बीपी पाडतो, म्हणून ते दहा मिनिटं आधी द्यायला सांगा आणि त्यानंतरचं बीपी बघूनच निघा.

ऑक्सिजन किती न्यायचा? हिशेब कसा करायचा?

सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये, गुणिले गेजवरचा दाब. ट्रॉलीखाली लागणारा आपला नेहमीचा बी टाइप सिलिंडर साधारण १० लिटर क्षमतेचा असतो. १५० किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाबाने पूर्ण भरला असेल तर १० × १५० म्हणजे सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन. गेज पीएसआयमध्ये असेल तर पूर्ण भरलेला सिलिंडर २,००० च्या वर दाखवतो.

आता गरज. समजा अंबूने (हाताने दाबून श्वास देण्याच्या बॅगेने) मिनिटाला १५ लिटरवर न्यायचं आहे. जायला १० मिनिटं, सीटी रूममध्ये २०, परत यायला १०. ४० × १५ म्हणजे ६०० लिटर. त्यात अर्ध्या तासाचा राखीव साठा मिळवा: ३० × १५ म्हणजे ४५०. एकूण १,०५० लिटर. म्हणजे गेजवर १०० दाखवणारा, वरवर "चांगला भरलेला" दिसणारा सिलिंडर या फेरीला पुरत नाही. किमान ११० हवेत, किंवा दुसरा सिलिंडर सोबत हवा. व्हेंटिलेटरवर नेत असाल तर मिनिट व्हॉल्यूम (मिनिटभरात आत जाणारी हवा) धरा आणि मशीन स्वतः वापरतं तो प्रवाहही त्यात मिळवा. तो किती, हे मॉडेलप्रमाणे बदलतं आणि मॅन्युअलमध्ये सापडतं.

हाय फ्लोवरच्या (नाकातून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन घेणाऱ्या) पेशंटचा हिशेब वेगळाच होतो. ६० लिटर प्रवाह आणि शंभर टक्के ऑक्सिजन असेल तर हाच पूर्ण भरलेला सिलिंडर २५ मिनिटांत संपतो. अशा पेशंटला निघण्याआधी बेडवरच रिझर्व्हॉयर मास्कवर किंवा एनआयव्हीवर (ट्यूब न घालता मास्कने दिलेल्या व्हेंटिलेटरवर) ठेवून बघा. तिथे टिकत नसेल तर वाटेत टिकणार नाही. मग आधी ट्यूब घालायची का, हा निर्णय बेडपाशीच डॉक्टरांकडून घ्या.

सिलिंडर भरलेला असूनही वाटेत ऑक्सिजन बंद का पडतो?

नेहमीची कारणं ठरलेली आहेत. व्हॉल्व्ह तपासणीपुरता उघडून पुन्हा बंद केलेला असतो, आणि गेजमध्ये अडकलेला दाब सुई वर ठेवतो, त्यामुळे सिलिंडर चालू वाटतो. रेग्युलेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं सील झिजलेलं किंवा गायब असतं आणि फुसफुस गळती होत राहते. सिलिंडरची चावी वॉर्डात राहते. ही चावी दोरीने सिलिंडरलाच बांधलेली असावी, खिशात नको. आणखी एक चूक परतीच्या वेळी होते. सीटी रूममध्ये भिंतीच्या ऑक्सिजनवर घेतलेलं असतं, निघताना नळी सिलिंडरला लावली जाते, पण फ्लोमीटर उघडायचा राहतो. रिझर्व्हॉयर बॅग फुगलेली आहे का आणि नळीच्या टोकाला गालावर हवा लागते का, ही खात्री प्रत्येक अदलाबदलीनंतर करायची.

ह्युमिडिफायरची पाण्याची बाटली छोट्या फेरीला काढून टाका. ट्रॉली तिरकी झाली की पाणी नळीत शिरतं. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, आणि तेलकट हात, ग्रीस किंवा नुकतंच चोळलेलं सॅनिटायझर त्याच्या जवळ नको, कारण शुद्ध ऑक्सिजनच्या दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. सिलिंडर ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात, पट्ट्याने बांधून. पेशंटच्या पायांमध्ये आडवा ठेवलेला सिलिंडर ब्रेक मारताच घरंगळतो.

ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर चांगला की अंबू बॅग?

व्हेंटिलेटर असेल तर व्हेंटिलेटर. हाताने दाबताना ताणाखाली आपण सगळेच जास्त वेगाने आणि जास्त जोरात दाबतो. मिनिटाला १०-१२ वेळा पुरतं, तिथे २५-३० वेळा होतं. त्यामुळे छातीत हवा कोंडते, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि बीपी पडतं. डोक्याला मार लागलेल्या पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड खाली गेल्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मोठ्या माणसाची अंबू सुमारे दीड लिटरची असते. ती पूर्ण पिळायची नसते, छाती जेमतेम उचललेली दिसेल इतकंच दाबायचं.

ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटरवर पेशंटला निघण्याआधी ५ ते १० मिनिटं बेडवरच ठेवा. सॅच्युरेशन, प्रेशर, ईटीसीओटू (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड) आणि बीपी टिकतं का बघा. काही मशिनना फ्लोमीटरचा ऑक्सिजन चालत नाही. ४ बारच्या आसपास दाब देणारा रेग्युलेटर आणि त्याचीच नळी लागते. ती जोडून बघितल्याशिवाय "आहे" असं धरू नका.

पीप १० च्या वर असेल तर सर्किट क्षणभर सुटलं तरी उघडलेली फुफ्फुसं पुन्हा मिटतात, आणि सॅच्युरेशन परत यायला बराच वेळ घेतं. अशा वेळी डॉक्टर श्वास आत गेलेल्या क्षणी ट्यूबला क्लॅम्प लावून मशीन बदलतात. पेशंट स्वतः जोरात श्वास घेत असेल तर मात्र क्लॅम्प लावायचा नसतो. अंबूला पीप व्हॉल्व्ह लावलेला असावा.

व्हेंटिलेटर सोबत असला तरी अंबू आणि मास्क पेशंटच्या उशाशीच. काही ठिकाणी ओटीतून येताना बेन सर्किट (ऑक्सिजनच्या प्रवाहावरच फुगणारी नळी आणि बॅग) वापरतात. ऑक्सिजन संपला की ते निरुपयोगी होतं. अंबू मात्र साध्या हवेवरही श्वास देते.

ट्यूब निघू नये म्हणून काय करायचं?

निघण्याआधी दातांपाशी किती सेंटीमीटर आहे ते मोठ्याने म्हणा आणि लिहा. बायकांमध्ये साधारण २१, पुरुषांमध्ये २३ च्या आसपास असतं. फिक्सेशन लाळेने ओलं झालं असेल तर बदला. डायनाप्लास्टवर (चिकटपट्टीवर) दुसरा डायनाप्लास्ट चिकटवून काही होत नाही, जुनं काढून गाल कोरडा करून नवं लावा. मान वाकली की ट्यूब सुमारे २ सेंटीमीटर आत सरकते, मान मागे गेली की तेवढीच वर येते. म्हणूनच मानेखालची उशी काढताना किंवा सीटीच्या हेडरेस्टवर डोकं ठेवताना ट्यूब एका फुफ्फुसात जाते किंवा निसटायला येते.

ईटीसीओटू हा तुमचा सर्वांत लवकर बोलणारा साथी. ट्यूब बाहेर आली तर सॅच्युरेशन पडायला एक-दोन मिनिटंही लागू शकतात, मॉनिटरवरची ईटीसीओटूची लाट मात्र लगेच सपाट होते. ती दाखवणारा कॅप्नोग्राफ नसेल तर तो मागून घ्या. व्हेंटिलेटरवरचा पेशंट त्याशिवाय नेणं टाळता येण्याजोगी जोखीम आहे.

नॉरॲड चालू असताना पंपांची काय काळजी घ्यायची?

शक्यतो पंप बदलूच नका. जो चालू आहे तोच ट्रॉलीच्या रॉडवर घ्या. नॉरॲडचा असर दोन-तीन मिनिटांत ओसरतो, त्यामुळे पंप बदलताना झालेला छोटासा खंडही बीपीवर दिसतो. नवीन सिरिंज लावलीच तर पंपाच्या पर्ज बटणाने पुढची ढिलाई काढून, टोकाला थेंब आल्यावरच पेशंटला जोडा. नुसती सिरिंज बसवून स्टार्ट दाबलं तर कमी दरावर पहिला थेंब यायला कित्येक मिनिटं जातात. पंप "रनिंग" दाखवत राहतो आणि औषध पोचत नाही.

पंपाची उंचीही महत्त्वाची. चालू पंप झटकन वर उचलला की थोडं औषध एकदम आत जातं, खाली नेला की काही वेळ कमी जातं. पंप हृदयाच्या पातळीजवळ ठेवा आणि रॉडवर चढवताना सावकाश. सिरिंजचा दट्ट्या पंपाच्या खाचेत नीट बसलेला हवा. तो सुटा असेल आणि पंप पेशंटपेक्षा उंच असेल, तर सिरिंज स्वतःहून रिकामी होऊ शकते.

तासाला १० मिली चाललं असेल आणि सिरिंजमध्ये १२ मिली उरलं असेल, तर फेरी तासाभराची धरून भरलेली, लेबल लावलेली दुसरी सिरिंज सोबत घ्या. नॉरॲडच्या लुमेनला (सेंट्रल लाइनमधल्या त्याच्या वाटेला) लाल किंवा कुठलीही ठळक पट्टी बांधा, म्हणजे सीटी रूममध्ये कोणी घाईने तिथूनच फ्लश मारणार नाही.

बॅटरी पूर्ण दाखवत होती, तरी मॉनिटर बंद पडला. असं का?

जुन्या बॅटरीचं चिन्ह विश्वासाचं नसतं. सतत चार्जिंगला लावलेल्या बॅटरीची साठवण्याची ताकद कमी होते आणि पूर्ण दाखवून ती दहा मिनिटांत बसते. युनिटमध्ये आठवड्यातून एकदा प्लग काढून प्रत्येक उपकरण खरोखर किती मिनिटं चालतं हे बघा आणि तारखेसकट त्यावर चिकटवा. सीटी रूममध्ये पोचल्यावर लगेच प्लग लावा. तिथलं सॉकेट १५ अँपिअरचं आणि आपला प्लग ५ अँपिअरचा असं होतं, म्हणून अडॅप्टर बॅगेतच असू द्या.

फीड बंद करायचं का?

साधारणपणे हो. सीटीच्या टेबलवर पेशंट पूर्ण आडवा होतो. फीड थांबवा, रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात गेलेल्या नळीतून) ओढून बघा, पोट रिकामं करा. पण इथे एक गोष्ट हमखास निसटते: इन्सुलिनचा पंप. फीड किंवा डेक्स्ट्रोज थांबलं आणि इन्सुलिन चालूच राहिलं तर साखर घसरते, आणि भूल दिलेल्या पेशंटमध्ये ते बाहेरून कळत नाही. फीड बंद करताना इन्सुलिनचं काय करायचं ते डॉक्टरांना त्याच वेळी विचारा. निघताना आणि परतल्यावर साखर तपासा.

आयसीडी, ईव्हीडी, युरोबॅग: कुठली नळी बंद करायची, कुठली नाही?

आयसीडीला (छातीतून हवा किंवा रक्त काढणाऱ्या नळीला) क्लॅम्प लावायचा नाही. फुफ्फुसातून हवा गळत असेल आणि पेशंट व्हेंटिलेटरवर असेल, तर क्लॅम्पमुळे छातीत हवा दाबाने साठते आणि काही मिनिटांत जिवावर बेततं. बाटली उभी, छातीच्या खाली, आणि नळीला पीळ नको. बाटली पेशंटच्या अंगावर ठेवली तर पाणी उलटं छातीत जाऊ शकतं.

ईव्हीडी (मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी नळी) याच्या उलट. हलवण्याच्या आधी बंद करा, कारण डोकं आणि चेंबर यांची उंची बदलली की मेंदूतलं पाणी एकदम जास्त वाहून जातं. टेबलवर सरकवून झालं की कानाच्या पातळीला पुन्हा शून्य करून उघडा. बंद ठेवून विसरणं हा तितकाच मोठा धोका, म्हणून बंद केल्याची वेळ हातावर लिहिली तरी चालेल. डोकं शक्य तितका वेळ ३० अंशांवर.

युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करून मूत्राशयाच्या खाली, ट्रॉलीच्या बाजूला. आर्टिरियल लाइनच्या ट्रान्सड्यूसरची (धमनीतलं बीपी मोजणाऱ्या भागाची) जागा बदलली तर १० सेंटीमीटरच्या फरकाने बीपी सुमारे ७ मिमी चुकीचं दिसतं. प्रेशर बॅग ३०० वर आहे का तेही बघा.

सोबतच्या बॅगेत काय हवं?

अंबू आणि दोन मापांचे मास्क, लॅरिंगोस्कोप (पेटतो का बघून), आत्ताच्या मापाची आणि अर्ध्या मापाने लहान ट्यूब, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक काडी), एअरवे, सक्शन कॅथेटर आणि हाताने किंवा बॅटरीने चालणारं सक्शन, एचएमई (श्वासाचा ओलावा राखणारा) फिल्टर. औषधांत अ‍ॅड्रिनलिन, अ‍ॅट्रोपिन, बीपीसाठी युनिटमध्ये वापरतात ते बोलसचं औषध, भूल, वेदनाशामक, स्नायू शिथिल करणारं औषध. व्हेक्युरोनियमची पावडर असेल तर पाणीही हवं. अ‍ॅट्राक्युरियम फ्रीजमधलं, तेव्हा ते निघताना घ्यायचं. शिवाय कॅन्युला, थ्री-वे, एक्स्टेंशन, सिरिंज, डायनाप्लास्ट, कात्री, ५०० मिली सलाइन. बॅगेला नंबर असलेलं सील लावा. सील तुटलेलं नसेल तर आतलं पूर्ण आहे असं धरता येतं.

लिफ्ट आणि रॅम्प?

लिफ्टमन आधी कळवलेला हवा आणि लिफ्ट मजल्यावर थांबवलेली हवी. लिफ्टमध्ये डोक्याकडचा माणूस कडेला चेपला जाणार नाही अशा बेताने ट्रॉली घ्या. कुठल्याही क्षणी ट्यूबपर्यंत हात पोचला पाहिजे. रॅम्प चढताना डोकं पुढे, उतरताना पाय पुढे, म्हणजे डोकं कायम वरच्या बाजूला राहतं. सीटी वेगळ्या इमारतीत असेल तर पावसाळ्यात मॉनिटर आणि पंपांवर प्लास्टिकचं आवरण आणि पेशंटवर ब्लँकेट. पेव्हर ब्लॉकवरून ट्रॉली हळू.

टेबलवर सरकवताना सर्वांत जास्त काय बिघडतं?

नळ्या ओढल्या जातात. ट्रॉली आणि टेबल या दोन्हींचे ब्रेक लावा, उंची जुळवा, ट्रॉली केसभर वर. उचलू नका, सरकवा. स्लाइड बोर्ड किंवा रोलर आणि खाली मजबूत चादर, दोन्ही बाजूंना माणसं. कमरेचं दुखणं घेऊन घरी जाणाऱ्या किती सिस्टर आणि मावशी आपण रोज पाहतो. मोजणारा माणूस डोक्याकडचाच. तो ट्यूब धरून "एक, दोन, तीन" म्हणतो, दुसरं कोणी नाही. पीप कमी असेल तर सरकवण्याच्या दोन सेकंदांपुरतं सर्किट सोडणं ट्यूब ओढली जाण्यापेक्षा बरं, असं आमचं मत आहे. पीप जास्त असेल तर सोडू नका, ट्यूब आणि सर्किट एकाच मुठीत धरा.

स्कॅन सुरू करण्याआधी टेक्निशियनला टेबल पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर एकदा फिरवायला सांगा. सर्किट, पंपाच्या नळ्या, मॉनिटरच्या वायर कुठे ताणतात ते तिथेच दिसतं. हात वर करायला लावले की कोपरातली लाइन दुमडते आणि पंप ऑक्ल्यूजनचा अलार्म देतो.

कॉन्ट्रास्टसाठी कोपरातली १८ किंवा २० नंबरची कॅन्युला निघण्याआधीच लावून, फ्लश करून ठेवा. सेंट्रल लाइनमधून इंजेक्टर फक्त त्या दाबासाठी बनवलेल्या लुमेनलाच. नॉरॲडच्या लाइनमधून कधीच नाही.

एमआरआयला नेताना वेगळं काय?

जवळजवळ सगळंच. चुंबक चोवीस तास चालू असतं, स्कॅन चालू नसतानाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआय खोलीत गेलेल्या नातेवाइकाला यंत्राने खेचून घेतलं आणि त्यांचा जीव गेला. २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू अशाच सिलिंडरने झाला होता. म्हणून लोखंडी सिलिंडर, ट्रॉली, लॅरिंगोस्कोप, कात्री, स्टेथोस्कोप, मोबाइल, बॅज हे सगळं बाहेर. "मशीन बंद आहे" असं कोणी म्हटलं तरी विश्वास ठेवू नका.

बाहेरच्या खोलीत पेशंटला एमआरआयच्या ट्रॉलीवर, एमआरआयच्या व्हेंटिलेटरवर किंवा लांब सर्किटवर घ्या. साधे ईसीजी इलेक्ट्रोड आणि वायर त्वचा भाजतात, ते काढा. वायरचा वेटोळा अंगावर पडू देऊ नका. धातूचा थर असलेले औषधाचे पॅच, तापमान मोजणारा कॅथेटर, पेसमेकर, अ‍ॅन्युरिझमची क्लिप यांची यादी आधीच द्या. पंप बाहेर ठेवून लांब एक्स्टेंशन लावणार असाल तर ते औषधाने आधी भरून घ्या आणि बीपी स्थिर झाल्यावरच आत जा. एमआरआयमध्ये हृदय बंद पडलं तर छाती दाबत पेशंटला आधी खोलीबाहेर काढायचं, डिफिब्रिलेटर आत न्यायचा नाही.

सॅच्युरेशन अचानक पडलं तर?

ट्रॉली थांबवा. शंभर टक्के ऑक्सिजन. पेशंटकडे बघा, छाती दोन्हीकडे उचलते का, ईटीसीओटूची लाट आहे का. मग डोप, म्हणजे ठरलेली चार कारणं: ट्यूब सरकली का, अडली का, न्यूमोथोरॅक्स (छातीत फुफ्फुसाबाहेर साठलेली हवा) झाला का, उपकरण बिघडलं का. व्हेंटिलेटरपासून काढून अंबूवर घेतल्यावर सुधारलं तर दोष मशीनचा किंवा सिलिंडरचा. अंबू दाबायला घट्ट लागते तर सक्शन कॅथेटर घालून बघा. जातच नसेल तर ट्यूब चावली, दुमडली किंवा चोंदली आहे. बोटावरचा प्रोब थंड हातावर किंवा हादऱ्याने चुकतो हे खरं, पण "प्रोबच खराब असेल" हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

बीपी येत नाही, कफ फुगतच राहतो. काय करायचं?

धावत्या ट्रॉलीवर कफ हादऱ्याने चुकतो. थांबा आणि मानेतली किंवा जांघेतली नाडी हाताने बघा. नाडी नसेल तर तिथेच ब्रेक, छाती दाबायला सुरुवात, कोड ब्लू (तातडीच्या मदतीची हाक). "आयसीयू जवळच आहे, पळवूया" असं करू नका, धावत्या ट्रॉलीवर छाती नीट दाबली जात नाही. लिफ्टमध्ये घडलं तर दाबत राहा आणि पुढच्या थांब्याला बाहेर काढा. नेहमीच्या वाटेवर डिफिब्रिलेटर कुठे-कुठे आहे, हे नव्या स्टाफला पहिल्याच आठवड्यात चालत जाऊन दाखवा.

नातेवाइकांना सोबत घ्यायचं का?

एकाला, ट्रॉलीच्या मागे. ट्रॉली ढकलायला किंवा सिलिंडर उचलायला त्यांना लावू नका. कुठे नेतोय, का नेतोय, साधारण किती वेळ लागेल हे निघण्याआधी सांगा. कॉन्ट्रास्टची संमती आणि काउंटरवरचं बिल पेशंट आयसीयूत असतानाच उरकलेलं असावं. पावतीसाठी पेशंट कॉरिडॉरमध्ये अडकून पडणं कोणालाही परवडणारं नाही.

सीटी चालू असताना नर्सने कुठे थांबायचं?

काचेमागे, आणि मॉनिटरचं तोंड काचेकडे वळवून. आत थांबणं भाग असेल तर लेड एप्रन आणि थायरॉइड शील्ड. गरोदर सिस्टरला या फेरीवर पाठवू नये. ड्युटी लावतानाच हे बघा.

परत आल्यावर काम संपतं का?

नाही. व्हेंटिलेटरच्या सेटिंग पुन्हा वाचून घ्या, मोठ्या मशीनवर घेताना एफआयओटू (दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनचं प्रमाण) चुकीचा राहतो. ट्यूबचा आकडा, ट्यूबच्या कफचा दाब २० ते ३० सेंमी पाणी, दोन्ही बाजूंची हवा, आयसीडीतली हालचाल, ईव्हीडी उघडली का, ट्रान्सड्यूसर शून्य, थांबवलेली औषधं पुन्हा चालू, फीड आणि इन्सुलिन. सीटी रूम थंड असते, तापमान बघा. पुढचा एक-दोन तास पेशंटवर जास्त लक्ष ठेवा. मिटलेली फुफ्फुसं आणि हळूहळू वाढणारा न्यूमोथोरॅक्स बऱ्याचदा परत आल्यावरच दिसतो. डॉक्टरांना एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) हवा का विचारा.

नोट्समध्ये निघायची आणि परतायची वेळ, सोबत कोण होतं, दर पाच मिनिटांचे व्हायटल्स, दिलेली औषधं आणि घडलेली प्रत्येक गडबड, जरी ती लगेच सुटली असली तरी. सिलिंडर संपत आला, पंपाची बॅटरी बसली, लिफ्ट आली नाही, हेही लिहा आणि इंचार्जकडे इन्सिडेंट फॉर्म द्या. बॅटरी बदलून घ्यायला किंवा दुसरा ट्रान्सपोर्ट मॉनिटर मागायला तोच कागद कामी येतो. शेवटी वापरलेला सिलिंडर बदला, उपकरणं चार्जिंगला लावा, बॅग भरून नवं सील लावा. पुढचा कॉल याच ड्युटीत येऊ शकतो.